घोडनदीचा काठ आणि भीमेचे पूल : बघायला जरूर या, पण आधी पाणी ओळखा

शिरूर/दौंड (वार्ताहर) :

तालुक्याच्या बातम्या देणाऱ्या माणसाला नदीवर दोन कारणांनी जावं लागतं. एक तर पूर आला म्हणून, नाहीतर कुणी बुडालं म्हणून. पुराच्या दिवशी पुलाच्या कठड्याला लोकांची रांग लागलेली असते आणि मोबाईलवर शूटिंग चालू असतं. दुसऱ्या वेळी काठावर चपला असतात, कपड्यांची घडी असते आणि मान खाली घालून बसलेले मित्र असतात. बुडालेला बहुतेक वेळा बाहेरगावचा, पोहता येणारा, आणि "पाणी गुडघाभरच होतं" असं सांगितलं जातं. ही दुसरी बातमी कमी लिहावी लागावी म्हणून हा लेख.

शिरूर आणि दौंड ही दोन्ही गावं नदीमुळे वसलेली. शिरूरला घोडनदी, दौंडला भीमा. दोन्हीकडे जुने पूल आहेत, दोन्हीकडे संध्याकाळी बसावं असा काठ आहे. सुट्टीच्या दिवशी आता पुण्या-चाकणहूनही गाड्या येतात. लोकांनी यावं, बघावं. फक्त इथली नदी कशी चालते ते समजून यावं.

पूल ओलांडला की जिल्हा बदलतो

शिरूरला जुनी माणसं अजूनही 'घोडनदी' म्हणतात. पुण्याहून नगरकडे (आताचं अहिल्यानगर) निघालं की साधारण ६५-६७ किलोमीटरवर हे गाव लागतं. पूल ओलांडला की पलीकडे गव्हाणेवाडी, म्हणजे श्रीगोंदा तालुका आणि दुसरा जिल्हा. काठावर उभं राहिलं की एकीकडे जुना पूल आणि एकीकडे वाहतुकीचा नवा पूल दिसतो.

पूल नव्हते तेव्हा नदी ओलांडायची ती उतारावरून, म्हणजे जिथं पाणी उथळ आणि तळ कठीण असेल तिथून. पावसाळ्यात उतार बंद झाला की माणसं आणि गाड्या काठावर अडकायच्या. म्हणून अशा जागी बाजार वसतो, धर्मशाळा होते, आणि लष्करही तळ ठोकतं. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिरूरला छावणी केली. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी इथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोरेगाव भीमाला पोहोचली. तिथल्या लढाईचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे, पण ती तुकडी शिरूरहून निघाली होती हे शिरूरच्याही बऱ्याच पोरांना माहीत नसतं.

छावणीची आणखी एक खूण म्हणजे कर्नल विल्यम वॉलेसची समाधी. असईच्या १८०३ च्या लढाईत असलेला हा अधिकारी १८०९ मध्ये शिरूरला वारला. जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की इथले लोक त्याला 'सत्पुरुष' म्हणत आणि सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या समाधीला दाखवत. नदीवर आलात तर ही समाधीही विचारून बघून या.

जुना पूल बघायचा कसा?

पुलावर उभं राहून सेल्फी काढला म्हणजे पूल बघितला असं होत नाही. पूल खालून बघायचा. त्यासाठी हिवाळ्यात, पाणी स्थिर असताना, काठावर लांब उभं राहायचं.

दगडी कमानीच्या पुलात पहिली बघायची गोष्ट म्हणजे खांब. पाणी ज्या बाजूने येतं त्या बाजूला खांबाला होडीसारखं टोक काढलेलं असतं. त्यामुळे पाणी दुभंगून जातं आणि पुरात आलेली झाडं, ओंडके खांबाला आडवे अडकत नाहीत. दुसरी गोष्ट कमान. कमानीच्या मधोमध वरचा दगड असतो तो चावीचा. दोन्ही बाजूंचे दगड एकमेकांवर रेलतात आणि वरचं ओझं कमानीतून खांबात, खांबातून तळाच्या कातळात उतरतं. लोखंड नाही, सिमेंट नाही. काळा पाषाण आणि घाणीत मळलेला चुना, एवढ्यावर हे काम उभं आहे. तिसरी गोष्ट पुराच्या खुणा. खांबावर एका उंचीपर्यंत दगडाचा रंग वेगळा दिसतो, भेगांत वाळलेली लव्हाळी आणि चिंध्या अडकलेल्या असतात. पाणी तिथपर्यंत येऊन गेलेलं आहे. ती उंची बघा आणि मग आपण कुठं उभे आहोत ते बघा.

अशा पुलाची ताकद वर दिसत नाही, ती खाली असते. खांबाच्या बुडाशी पाणी सतत कोरत असतं. नदीत वाळूचा थर असेल तर तो पायाला पांघरुणासारखं काम देतो. वाळू उपसली की पाया उघडा पडतो आणि पुढचा पूर थेट पायाला लागतो. महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ चा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी बस आणि इतर गाड्याही गेल्या. तो पूलही त्या दिवसापर्यंत "किती मजबूत आहे बघा" असाच दाखवला जात होता.

तेच पाणी पुढं दौंडला

शिरूरच्या पुलाखालून गेलेलं पाणी कुठं जातं? घोड नदी उगवते आंबेगाव तालुक्यात, सह्याद्रीत. तिच्यावर वर डिंभे धरण आहे. शिरूरच्या थोडं वरच्या अंगाला तिला कुकडी मिळते. शिरूरच्या खाली चिंचणीचं घोड धरण लागतं. तिथून पुढं ती दौंडच्या वरच भीमेला मिळते. म्हणजे शिरूरचं पाणी शेवटी दौंडच्या पुलाखालून जातं.

दौंडच्या भीमेत मात्र फक्त घोडीचं पाणी नसतं. चासकमान आणि भामा आसखेडचं पाणी येतं, इंद्रायणीचं येतं, आणि खडकवासल्याची धरणसाखळी, मुळशी, पवना यांचं पाणी मुळा-मुठेतून येतं. मुळा-मुठा आणि भीमेचा संगम दौंड तालुक्यातल्या वाळकीजवळ आहे. समोरच्या काठाला रांजणगाव सांडस, म्हणजे शिरूर तालुका. दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते आणि निम्म्या पुणे जिल्ह्याचं पाणी गोळा करून दौंडला येते.

म्हणून दौंडचा आकडा सोलापूरपर्यंत ऐकला जातो. पावसाळ्यात "दौंडचा विसर्ग किती?" हा प्रश्न करमाळा, माढा, पंढरपूरचा शेतकरी रोज विचारतो, कारण दौंडवरून गेलेलं पाणी उजनीत जातं. उजनी पूर्ण भरली की साधारण ११७ टीएमसी पाणी असतं, आणि त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा म्हणून खालीच राहतं. आमच्याकडे पाणी चढलं की काळजी वाटते, तेच पाणी खाली पोहोचलं की पेढे वाटतात.

दौंडला नदीवर रेल्वेचा आणि रस्त्याचा, असे दोन्ही पूल आहेत. दौंड-मनमाड रेल्वे १८७८ मध्ये सुरू झाली. त्याआधीची दोन-तीन वर्षं मोठ्या दुष्काळाची होती. या मार्गाचं मातीकाम दुष्काळी कामावर आलेल्या मजुरांनी केलं. संध्याकाळी त्या पुलावरून गाडी धडधडत जाते तेव्हा काठावरची पोरं डबे मोजतात. ज्यांनी पोटासाठी तिथं माती वाहिली त्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत, एवढं मोजताना आठवावं.

वेळ असेल तर आणखी खाली भिगवणजवळच्या डिकसळला जा. मुंबईहून सोलापूरकडे निघालेली रेल्वे १८५८ मध्ये दौंडवरून डिकसळपर्यंत आली आणि पुढच्या वर्षी भीमा ओलांडून गेली. उजनी धरण झाल्यावर रेल्वेचा मार्ग बदलला आणि जुना पूल इंदापूर-करमाळा रस्त्यासाठी वापरात आला. अलीकडच्या वर्षांत त्याचे भाग खचले. तो लांबूनच बघावा. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तिथल्या पाणफुगवट्यावर रोहित पक्षी येतात, ते बघायला होडी मिळते.

ऊन पडलेलं असतं आणि नदी चढते

आता मुद्द्याचं. बाहेरून येणारा माणूस आभाळाकडे बघतो. ऊन आहे, पाऊस नाही, म्हणजे नदीला काही होणार नाही असं त्याला वाटतं. आमच्या नद्या आता आभाळावर चालत नाहीत, धरणाच्या दारांवर चालतात.

पावसाळ्यात शिरूर-दौंडला कोरडं असतं, पण सह्याद्रीत धो-धो चालू असतं. धरण भरत आलं की विसर्ग सुरू होतो. ते पाणी खाली यायला काही तास, कधी दुसरा दिवस लागतो. तोपर्यंत इथं लख्ख ऊन असतं. उन्हाळ्यात उलटा प्रकार. नदी कोरडी, पात्रात पोरं क्रिकेट खेळतात. मग बंधारे भरून घ्यायला आवर्तन सुटतं आणि कोरड्या पात्रात पाण्याची जीभ येते. ती हळू दिसते, पण पात्राच्या मधल्या उंचवट्यावर बसलेल्या माणसाला मागून वेढते.

बातमीत 'क्युसेक' वाचता तो आकडा समजून घ्या. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर पाणी. दहा हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दोन लाख ८३ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे २८ टँकर दर सेकंदाला तुमच्या समोरून जातात असं धरा. साडेअकरा हजार क्युसेक पाणी अखंड एक दिवस वाहिलं की एक टीएमसी होतं. पुरात दौंडचा विसर्ग याच्या कितीतरी पट असतो.

मी स्वतः नदीकाठचा शेतकरी आहे. एका पावसाळ्यात विसर्गाचा मेसेज रात्री वाचला आणि म्हणालो, मोटर सकाळी काढू. सकाळी मोटर नव्हती, पाइपाचे चार तुकडे तेवढे बाभळीला अडकलेले. नदीकाठी जन्म काढलेल्या माणसाचा अंदाज चुकतो, तर दोन तासांसाठी आलेल्या माणसाचा किती चुकेल?

पाणी ओळखण्याच्या खुणा

गावातली माणसं कुठलं ॲप बघत नाहीत. या खुणा बघतात :

– पाण्याचा रंग. नितळ पाणी गढूळ व्हायला लागलं की वरून पाणी येतंय.

– काडीकचरा. पाण्यावर काटक्या, पानं, फेस, जलपर्णीचे तुटलेले झुबके वाहताना दिसले की पाणी काठ धुऊन येतंय. जलपर्णी एका जागी थांबलेली असेल तर पाणी शांत आहे.

– दगडाची खूण. बसण्याआधी पाण्याच्या कडेला एक दगड ठेवा. दहा मिनिटांनी बघा. दगड ओला झाला असेल तर सामान उचला. बुडाला असेल तर सामान सोडा आणि वर या.

– मोटारी. काठावरचे शेतकरी घाईने मोटारी आणि पाइप वर ओढत असतील तर कुणालाही काही विचारायची गरज नाही. तेच उत्तर आहे.

गुडघाभर पाण्यात माणूस बुडतो कसा?

तीन कारणं आहेत.

पहिलं, वाळूचे खड्डे. घोड आणि भीमेच्या पात्रातून वर्षानुवर्षं वाळू उपसली गेली. यांत्रिक बोटीने उपसलेल्या जागी दोन-तीन पुरुष खोल खड्डा होतो. बंधाऱ्यात पाणी अडवलं की सगळा पृष्ठभाग सपाट दिसतो. गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढं टाकलं की डोकं खाली जातं. खड्ड्याची कड भुसभुशीत असते, धरायला गेलं की हातात वाळूच येते. खाली गाळ असेल तर पाय रुततो. पोहता येणारा इथंच फसतो.

दुसरं, बंधारा. शिरूर परिसरात ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की त्यात ढापे टाकून पाणी अडवतात आणि पावसाळ्याआधी ढापे काढतात. ढापे टाकलेले असताना वरून सांडणारं पाणी दिसायला धबधब्यासारखं सुंदर दिसतं. पण पाणी खाली आपटतं, तळातून पुढं जातं आणि वरचं पाणी उलटं बंधाऱ्याकडे येतं. त्यात सापडलेला माणूस पुन:पुन्हा बंधाऱ्याच्या भिंतीकडे ओढला जातो. बंधाऱ्याच्या लगत खाली कधीही उतरू नका. बंधाऱ्याच्या शेवाळलेल्या माथ्यावरून चालूही नका.

तिसरं, पुलाचे खांब. खांबाला वळसा घालून जाणारं पाणी मागे भोवरा करतं आणि तळ कोरतं. त्यामुळे खांबाच्या बुडाशी पाणी सगळ्यात खोल असतं. पुलावरून उडी मारणाऱ्या पोरांनी एवढं ध्यानात ठेवावं : वरून दिसत नाही असा दगड, लोखंड किंवा मूर्तीचा सांगाडा तिथंच अडकलेला असतो.

दौंडच्या भीमेत उतरू नये याचं चौथं कारणही आहे. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठा आणि पवना-इंद्रायणीतून इथपर्यंत येतं. काठावर बसा, पाय धुवायला जाऊ नका.

कुंडमळा विसरू नका

१५ जून २०२५, रविवार. मावळ तालुक्यात इंद्रायणीवर कुंडमळ्याचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला. चार जणांचा जीव गेला, पन्नासहून जास्त जखमी झाले. पूल धोकादायक असल्याची चर्चा आधीपासून होती. लोक पुलावरून जायला आले नव्हते, पुलावर उभं राहून नदी बघायला आले होते.

शिरूर तालुक्यात टाकळी हाजीला कुकडी नदीवर कुंड आहेत, पलीकडे पारनेर तालुक्यातलं निघोज. पाण्यात गरगरणाऱ्या गोट्यांनी हजारो वर्षं कातळ घासून रांजणासारखे खळगे पाडले आहेत. असं दृश्य दुसरीकडे सहसा बघायला मिळत नाही. दोन्ही काठांना मळगंगा देवीची मंदिरं आहेत आणि कुंडावर झुलता पूल आहे. तिथल्या पुलावर थांबू नका, हलवू नका, एका वेळी घोळका करू नका. रांजणखळग्यांच्या कडा गुळगुळीत असतात. आत पडलेल्याला वर यायला पकड मिळत नाही. फोटोसाठी कडेला जाण्याइतकी कुठल्याच फोटोची किंमत नाही.

पूल हा जाण्यासाठी असतो. नदी बघायची तर काठावरून बघा.

कधी यावं, कसं यावं?

ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. पाणी नितळ असतं, बगळे, खंड्या, शेकाटे दिसतात, काठ हिरवा असतो. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर या. जुलै ते सप्टेंबर फक्त काठावरून, तेही वर उभं राहून.

शिरूरला यायला पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या एसटी आहेत. दौंडला रेल्वे सगळ्यात सोयीची, पुण्याहून दिवसभर गाड्या असतात. शिरूरहून दौंडकडे गाडीने जायचं तर न्हावरा, पारगाव, चौफुला असा रस्ता आहे. वाटेत पारगावला भीमा ओलांडता येते. दौंडहून पुढं दोन ठिकाणं जोडून होतात. एक पेडगावचा भीमाकाठचा किल्ला, म्हणजे जुना बहादूरगड, आताचा धर्मवीरगड. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना कैद करून औरंगजेबासमोर इथंच आणलं होतं. किल्ल्यात लक्ष्मीनारायणाचं जुनं कोरीव मंदिर आहे. दुसरं सिद्धटेकचा सिद्धिविनायक. तिथं पूर्वी शिरापूरहून होडीने जावं लागायचं, आता पूल आहे.

येणाऱ्यांना विनंती

काठावरची वाट बहुतेक ठिकाणी कुणाच्या तरी शेतातून जाते. गाडी बांधावर लावताना उसाची ट्रॉली किंवा बैलगाडी निघेल एवढी जागा ठेवा. बाटली फोडू नका, ती काच आमच्या आणि जनावरांच्या पायात जाते. मोटारीच्या वायरला, स्टार्टरला हात लावू नका, ओल्या काठावर करंट उतरतो.

आणि कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी मारू नका. एकाच्या मागे दोघं-तिघं जातात ती याच घाईने. दोरी, ठिबकची नळी, साडी, रिकामा कॅन, गाडीची ट्यूब, जे हाताशी असेल ते फेका. मोठ्याने ओरडा, जवळच्या वस्तीवरची माणसं येतात, त्यांना खड्डे माहीत असतात. ११२ वर फोन करा, रुग्णवाहिकेसाठी १०८.

ग्रामपंचायती आणि नगरपालिकांकडूनही एवढीच अपेक्षा आहे : जिथं वाळूचे खड्डे आहेत तिथं गाव सांगेल त्या जागी पाटी लावा, आणि विसर्गाचा मेसेज नदीकाठच्या चहाच्या टपऱ्यांनाही पाठवा. बाहेरून आलेला माणूस नदीवर जायच्या आधी चहाला तिथंच थांबतो.

शिरूरचा काठ, दौंडचा पूल, दोन्ही बघण्यासारखं आहे. बघा, फोटो काढा, पोराबाळांना दाखवा. आणि आलात तितके घरी जा.